व्हीचा कोन आणि वळणाचा कोन

मध्यम आकाराच्या व्ही-ट्विन क्रूझर, म्हणजे व्हीच्या आकारात दोन सिलिंडर असलेल्या, लांब आणि बसक्या मोटारसायकलींची आवड असलेल्या माणसाला दोन सिलिंडरांमधला कोन बहुधा पाठ असतो. हार्ले-डेव्हिडसनच्या जुन्या स्पोर्टस्टरचा ४५ अंश, कावासाकी व्हल्कन ९०० चा ५५, यामाहा बोल्टचा ६०, यामाहाच्याच ६५० सीसी ड्रॅगस्टारचा ७०, हे आकडे जाहिरातीत असतात, गप्पांत असतात आणि त्यांवरून वादही होतात. पण हीच गाडी वळणावर किती अंश झुकली की तिचा फूटरेस्ट रस्त्याला घासतो, असे त्याच माणसाला विचारले तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. पहिला कोन इंजिनाचा आवाज आणि चेहरा ठरवतो. दुसरा कोन, म्हणजे झुकाव-कोन, अचानक आवळत गेलेल्या वळणात चालकाच्या हाती किती वाव उरला आहे, हे ठरवतो. माझे म्हणणे असे की, या वर्गाच्या मोटारसायकलींची रचना गेली चाळीस वर्षे पहिल्या कोनाच्या प्रेमात राहिली आहे आणि त्या प्रेमाची किंमत चॅसिसने (फ्रेम, चाके आणि सस्पेन्शन यांनी), म्हणजे अखेरीस चालवणाऱ्याच्या शरीराने, भरली आहे. ही किंमत कमी करणे तंत्राच्या आवाक्यात आहे, आणि जिथे ती कमी करायची नाही असे कंपनी ठरवते, तिथे ती विकत घेणाऱ्याला स्पष्ट आकड्यांत सांगितली गेली पाहिजे.

आधी एक साधा हिशेब पाहू. तीस मीटर त्रिज्येचे वळण हे काही विलक्षण वळण नव्हे. घाटात किंवा शहराबाहेरच्या कोणत्याही जुन्या रस्त्यावर ते भेटते. इंडियन या अमेरिकी कंपनीच्या पहिल्या ११३३ सीसी स्काउटचा झुकाव-कोन ३१ अंश होता. टायरची रुंदी हिशेबात न घेता काढले, तर या वळणावर ३१ अंशांची मर्यादा ताशी सुमारे ४८ किलोमीटरला गाठली जाते. जी मोटारसायकल ४५ अंशांपर्यंत झुकू शकते, तिला त्याच वळणावर ताशी ६२ किलोमीटरपर्यंत वाव असतो. हे वाचून कोणी म्हणेल की क्रूझर वेगाने वळवण्यासाठी नसतेच. ते मान्य आहे. पण प्रश्न वेगाचा नाही, उरलेल्या जागेचा आहे. एखादा सावध चालक त्या वळणात ताशी ४२ किलोमीटरने शिरला, तर तो साधारण २५ अंश झुकलेला असतो. त्याचा अंदाज थोडा चुकला, वळण पुढे अधिक आवळले किंवा समोर खड्डा आला, तर क्रूझरवर त्याच्याकडे ताशी सहा किलोमीटरचा वाव आहे आणि दुसऱ्या गाडीवर वीसचा. टायर जितके रुंद, तितकी तेवढ्याच वेगासाठी गाडी अधिक झुकवावी लागते. म्हणजे क्रूझरचा शोभेचा रुंद मागचा टायर या सहा किलोमीटरांतूनही काही काढून घेतो.

हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला आणि त्याचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या अपघातांत दुसरे वाहन नव्हते, त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अपघातांत चालकाची चूक कारणीभूत होती, आणि ती चूक ठरावीक स्वरूपाची होती: जास्त ब्रेक मारून घसरणे, किंवा वेग अधिक झाल्याने वा गाडी पुरेशी न वळवल्याने वळणाबाहेर जाणे. त्या अहवालाने यासाठी गाडीच्या झुकाव-कोनाला जबाबदार धरलेले नाही, आणि मीही तसा दावा करत नाही. तरीही, गाडी पुरेशी न वळवणे ही जर माणसाकडून वारंवार होणारी चूक असेल, तर ती सुधारायला लागणारी जागाच कमी ठेवणारी रचना ही केवळ आवडीनिवडीची बाब राहत नाही.

आता इंजिनाकडे येतो, कारण चॅसिसची बरीच बंधने तिथून सुरू होतात. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो. प्रत्येक वेळी तो स्वतःच्या वस्तुमानाने इंजिनाला विरुद्ध दिशेने ओढतो. ही पुढेमागे होणारी ओढ म्हणजे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी, प्रत्येकी निम्म्या ताकदीची दोन बले, असे मानता येते. त्यातले क्रँकशाफ्टच्या दिशेने फिरणारे बल क्रँकवरच्या वजनाने संपवता येते. उलट फिरणारे उरते. एकाच क्रँकपिनवर (क्रँकशाफ्टवरच्या खुंटीवर) दोन्ही पिस्टनांचे कनेक्टिंग रॉड असलेल्या व्ही-ट्विनमध्ये हे उरलेले बल किती असेल, ते सिलिंडरांमधल्या कोनावर अवलंबून असते. कोन ९० अंश असेल तर दोन्ही पिस्टनांची उलट फिरणारी बले एकमेकांना रद्द करतात आणि काहीच उरत नाही. म्हणून डुकाटी आणि मोटो गुझी यांची ९० अंशांची इंजिने कोणत्याही बॅलन्स शाफ्टशिवाय, म्हणजे कंप मारण्यासाठी फिरणाऱ्या जादा दांड्याशिवाय, इतकी शांत असतात. ७५ अंशांना एका पिस्टनच्या बलाच्या २६ टक्के, ६० अंशांना ५० टक्के, आणि ४५ अंशांना तब्बल ७१ टक्के बल उरते. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या रांगा आणि चकाकणारे क्रोम बाजूला ठेवले, तर ४५ अंशांच्या व्ही-ट्विनचे स्वभाववैशिष्ट्य या एका आकड्यात सामावलेले आहे.

मग ४५ अंशच का? हार्ले-डेव्हिडसनने १९०९ मध्ये पहिली व्ही-ट्विन आणली, तेव्हा मोटारसायकलची फ्रेम सायकलच्या फ्रेमपासून फार दूर गेलेली नव्हती. एका सिलिंडरासाठी असलेल्या त्या त्रिकोणात, त्याच क्रँककेसवर दुसरा सिलिंडर बसवून ताकद वाढवायची, तर अरुंद कोन हा शहाणपणाचा मार्ग होता. उपलब्ध जागेचे आणि त्या काळच्या कारखान्यांच्या कुवतीचे ते प्रामाणिक उत्तर होते आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण आजच्या मध्यम क्रूझरचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधले अंतर, दीड मीटरहून अधिक असतो. रुंद कोनाचे व्ही इंजिन लांब होते आणि पुढच्या चाकाला पुढे ढकलते, ही डुकाटीसारख्या वेगवान, आखूड गाड्या बनवणाऱ्यांची खरी अडचण आहे. क्रूझरची ती अडचण नाही, कारण क्रूझरला लांबी हवीच असते. तिथे अरुंद कोन जागेअभावी येत नाही. तो येतो तो टाकीखालच्या त्या ओळखीच्या आकृतीसाठी आणि क्रँकच्या फिरण्यात ३१५ व ४०५ अंशांच्या असमान अंतराने होणाऱ्या स्फोटांच्या त्या लयीसाठी.

या कंपाकडे सहसा आरामाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. हात मुंग्यावतात, आरशात चित्र हलते, कोणाला ते आवडते, कोणाला नाही. माझ्या मते इथेच मोठी चूक होते. कंप हा प्रथम फ्रेमचा आणि वजनाचा प्रश्न आहे. जे इंजिन थरथरते ते फ्रेमला घट्ट आवळता येत नाही, निदान सुखाने येत नाही. त्याला रबराच्या आधारावर तरंगत ठेवले, तर ते फ्रेमच्या ताकदीत काहीच भर घालत नाही. उलट त्या जड गोळ्याला सावरून पुन्हा स्वतः ताठ राहणारी, पूर्ण वेढा घालणारी पोलादी फ्रेम लागते. स्पोर्टस्टरचे इंजिन २००४ मध्ये रबरावर बसवले गेले, तेव्हा चालकाला मोठा दिलासा मिळाला आणि गाडीचे वजन लक्षणीय वाढले. या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयाच्या दोन बाजू होत्या. याउलट इंजिन मुळात संतुलित असेल, तर तेच फ्रेमचा भाग होऊ शकते: पुढे स्टिअरिंग धरणारा एक तुकडा, मागे स्विंगआर्म आणि सीट धरणारा दुसरा, आणि मध्ये ओतीव ॲल्युमिनियमचे भक्कम इंजिन. नळ्या कमी होतात, वजन कमी होते, आणि वळणावर पुढचे व मागचे चाक एकमेकांशी इमान राखतात.

हार्ले-डेव्हिडसनच्याच दोन गाड्या शेजारी ठेवल्या की हे स्पष्ट होते. ८८३ सीसीच्या इव्होल्यूशन इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७६.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९६.८, कोन ४५ अंश, रबरी आधार, पूर्ण फ्रेम, आणि आयर्न ८८३ या मॉडेलचे रस्त्यावरचे वजन सुमारे २५५ किलो. २०२२ मध्ये आलेल्या नाइटस्टरच्या ९७५ सीसी इंजिनाचा बोअर ९७ आणि स्ट्रोक ६६; कोन ६० अंश, बॅलन्स शाफ्ट, पाण्याचे कूलिंग, इंजिन हाच फ्रेमचा मुख्य भाग, आणि वजन सुमारे २२० किलो. ताकद जुन्या इंजिनाच्या दीडपटीहून जास्त, सुमारे ९० अश्वशक्ती. आखूड स्ट्रोकमुळे पिस्टनचा सरासरी वेगही आवाक्यात राहतो: जुन्या इंजिनाचा पिस्टन मिनिटाला ६००० फेऱ्यांना ज्या वेगाने धावतो, तो वेग नव्याला सुमारे ८८०० फेऱ्यांना गाठावा लागतो. या घराण्याच्या इंजिनांत दोन क्रँकपिनांमध्ये ३० अंशांचे अंतर ठेवले आहे, त्यामुळे ६० अंशांच्या व्हीमधून ९० अंशांच्या व्हीची स्फोटलय मिळते. वाल्व्हची फट तेलाच्या दाबाने आपोआप राखली जाते, त्यामुळे ती ठरावीक काळाने जुळवून घ्यावी लागत नाही. मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र टाकीची आहे. दोन सिलिंडरांच्या मधून वरून खाली हवा घेण्यासाठी एअरबॉक्स, म्हणजे हवा गाळण्याचा डबा, टाकीच्या जागी नेला आणि ११.७ लिटरची पेट्रोल टाकी सीटखाली बसवली. जड द्रव खाली गेला, गाडीचा गुरुत्वमध्य उतरला. व्ही आकाराने इथे दिसण्यापलीकडे जाऊन चॅसिससाठी काम केले आहे. वरचे टाकीसारखे दिसणारे झाकण परंपरेसाठी आहे, आणि ते कोणाला इजा करत नसल्याने त्याविषयी माझी तक्रार नाही.

असे काम करणारे व्ही इंजिन काही २०२२ मध्ये पहिल्यांदा सुचलेले नाही, हे सांगणे आवश्यक आहे. यामाहाने १९८१ मध्ये एक्सव्ही ७५० व्हिरागो आणली तेव्हा तिचा कोन ७५ अंश होता, इंजिन फ्रेमचा भार उचलत होते, वर पत्र्याचा एक कणा होता, मागे मोनोशॉक, म्हणजे एकच शॉक ॲब्सॉर्बर, होता आणि चाकाला शाफ्टने ताकद जात होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या मानाने ही विलक्षण विचारपूर्वक केलेली रचना होती. १९८४ च्या व्हिरागोवर मोनोशॉक जाऊन दोन बाजूंना दोन शॉक ॲब्सॉर्बर आले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते मागे टाकलेले पाऊल होते. क्रूझर कशी दिसावी या अपेक्षेपुढे मागच्या चाकाच्या सोयीने माघार घेतली, असा त्याचा अर्थ मी लावतो.

होंडाची कथा याहून बोलकी आहे. १९८३ च्या ५०० सीसी व्हीटी इंजिनात होंडाने ५२ अंशांचा कोन ठेवला आणि दोन क्रँकपिन ७६ अंशांनी एकमेकींपासून सरकवल्या. यामागचे गणित सुंदर आहे: १८० मधून व्हीच्या कोनाची दुप्पट वजा केली की जे उरते, तेवढे पिनांचे अंतर ठेवले तर अरुंद व्हीचेही ते उलट फिरणारे बल शून्य होते. ५२ ची दुप्पट १०४, उरले ७६. ४५ अंशांच्या इंजिनासाठी हेच उत्तर ९० येते. म्हणजे अरुंद कोनाची आकृती हवी आणि कंप नको, असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी बॅलन्स शाफ्टचे वजनही न वाढवणारा मार्ग तेव्हापासून खुला आहे. होंडाच्या मोठ्या ११०० सीसी शॅडोतही सरकवलेल्या पिनांचे क्रँक होते. आणि मग १९९५ मध्ये त्याच ११०० च्या अमेरिकन क्लासिक एडिशन या मॉडेलसाठी होंडाने मुद्दाम एकाच पिनचा क्रँक बनवला, कारण ग्राहकाला ती अडखळती लय हवी होती. ज्या अभियंत्यांनी कंप मिटवला होता, त्यांनाच तो परत आणावा लागला. मला हे वाचताना वाईट वाटते. लय ही क्षुल्लक गोष्ट आहे असे मी म्हणत नाही. सीटमधून जाणवणारे संथ ठोके इंजिनाच्या गतीची खबर चालकाला देत असतात आणि त्यात खरा आनंद आहे. पण ती लय मिळवण्याचे इतर मार्ग असताना संतुलनाचा बळी देणे, हा निर्णय आवाजाला यंत्रापेक्षा वरचे स्थान देणारा होता.

इतर मार्गांपैकी एक मार्ग आज बाजारात सगळीकडे दिसतो आणि त्याच्याबद्दल व्ही-ट्विनचे चाहते फार कठोर बोलतात. दोन सिलिंडर शेजारी उभे करायचे आणि क्रँकच्या पिना २७० अंशांवर ठेवायच्या, म्हणजे ९० अंशांच्या व्हीसारखीच २७० आणि ४५० अंशांची स्फोटलय मिळते. यामाहाने टीआरएक्स ८५० मध्ये १९९५ साली ते केले. आज होंडा रेबेल ११०० आणि रॉयल एन्फिल्ड सुपर मिटिऑर ६५० या क्रूझर त्याच तत्त्वावर चालतात. एकच सिलिंडर हेड, एकच कॅमची साखळी, दोन्ही सायलेन्सरचे नळ समोरून, आणि मागच्या सिलिंडरची धग मांडीला लागण्याचा प्रश्नच नाही. व्ही इंजिनाला याच्या जवळपास दुप्पट वरचे भाग लागतात. त्याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो अरुंदपणाचा: व्ही-ट्विन एका सिलिंडराच्या गाडीइतकीच बारीक असू शकते. परंतु पारंपरिक क्रूझरमध्ये एअर फिल्टरचा मोठा डबा इंजिनाच्या उजव्या अंगाला, नेमका गुडघ्यापाशी बाहेर काढलेला असतो. अरुंदपणाचा लाभ एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने घालवायचा, हे मला कधीच समजलेले नाही.

तरीही समांतर ट्विन हे सर्वांसाठी उत्तर आहे, असे मला वाटत नाही. २७० अंशांच्या समांतर इंजिनातही उलट फिरणारे बल उरते, आणि ते नेमके ४५ अंशांच्या व्हीइतकेच, ७१ टक्के असते. त्यात डावी-उजवीकडे डुलवणारा जोर वेगळाच. म्हणून त्याला बॅलन्स शाफ्ट लागतातच. चांगले विचार केलेले व्ही इंजिन अजूनही सुंदर उत्तर आहे. माझा आक्षेप व्हीला नाही. व्ही कशासाठी आहे, हे न विचारण्याला आहे. मध्यम आकाराच्या गाडीत खर्चाची मर्यादा कडक असते. दुसऱ्या सिलिंडर हेडवर, दुसऱ्या कॅमच्या साखळीवर आणि शोभेच्या पात्यांवर गेलेले पैसे कुठून तरी कमी करावे लागतात, आणि ते बहुधा जिथे नजर जात नाही तिथून कमी होतात: मागच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या डॅम्पिंगमधून, पुढच्या फोर्कमधून, पुढच्या एकाच डिस्कवर भागवलेल्या ब्रेकमधून. पाण्याने थंड होणाऱ्या सिलिंडरांवर हवेने थंड होणाऱ्या इंजिनासारख्या पात्या ओतलेल्या पाहिल्या की त्या धातूचे आणि श्रमाचे मोल मागच्या चाकाजवळ किती झाले असते, हा विचार मनात येतोच.

चॅसिसमध्ये सर्वांत जास्त गैरसमज पुढच्या फोर्कच्या तिरकेपणाबद्दल आहेत. फोर्कची रेष उभ्या रेषेपासून किती कललेली आहे, तो रेक. आणि ती रेष जमिनीला जिथे भेटते तिथून टायरचा स्पर्शबिंदू किती मागे आहे, तो ट्रेल. ट्रेल वाढला की चाक सरळ राहू पाहते, महामार्गावर गाडी शांत चालते, लांब प्रवासात हाताला विश्रांती मिळते. हा क्रूझरचा खरा गुण आहे. मात्र रेक फार वाढला की दुसरी गोष्ट घडते: हळू चालताना हँडल एका बाजूला आपोआप कोसळू पाहते, कारण चाक वळले की गाडीचे नाक किंचित खाली उतरते. वळसा घेताना, गर्दीतून वाट काढताना, नवख्या चालकाला ती गाडी तिच्या वजनापेक्षा जड वाटते, आणि रुंद हँडल हा त्यावरचा उतारा असतो. होंडा रेबेल ५०० चा रेक २८ अंश आहे, पहिल्या स्काउटचा २९, नाइटस्टरचा ३०. या तिन्ही गाड्या क्रूझर म्हणूनच ओळखल्या जातात आणि सरळ रस्त्यावर त्या डगमगत नाहीत. यावरून ३३-३४ अंशांचा लांब फोर्क स्थैर्यासाठी अपरिहार्य आहे, हा युक्तिवाद टिकत नाही. तो फोर्क आकृतीसाठी आहे. आकृती हवी असेल तर ठेवावी, पण तिला स्थैर्याचे नाव देऊ नये.

लांब व्हीलबेस आणि खाली असलेला गुरुत्वमध्य यांचे श्रेय मात्र दिले पाहिजे. ब्रेक मारताना अशा गाडीचे वजन पुढच्या चाकावर कमी सरकते, मागचे चाक जमिनीवर टिकते, आणि मागचा ब्रेक इतर गाड्यांच्या मानाने अधिक उपयोगी पडतो. कमी उंचीच्या चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतात. हा केवळ सोयीचा भाग नाही, कित्येक स्त्री-पुरुषांसाठी मोठी मोटारसायकल चालवता येण्याची ती अटच असते. ज्यांना इतर मोठ्या गाड्यांवर पाय पुरत नाहीत, त्यांच्यासाठी क्रूझर हाच पर्याय उरतो. म्हणूनच या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनबद्दल मी इतका आग्रही आहे. ज्याच्यापुढे पर्याय नाही, त्याला कमी दर्जाचे देणे हे मला अन्याय्य वाटते.

सीट खाली आणायची, मागचे चाक मडगार्डच्या आत घट्ट बसलेले दिसायला हवे, आणि शॉक ॲब्सॉर्बर लपलेला किंवा आखूड हवा, या तीन इच्छांची बेरीज मागच्या चाकाच्या प्रवासावर येऊन पडते. २०२१ च्या स्पोर्टस्टर एस या गाडीच्या मागच्या चाकाला केवळ ५१ मिलिमीटर प्रवास होता. ती १२५० सीसीची असली तरी नाइटस्टरच्या घराण्यातलीच आहे. नाइटस्टर आणि पहिली स्काउट यांना ७६ मिलिमीटर. चालक बसताच त्यातला काही भाग स्प्रिंग दबण्यातच जातो. यामागचे पदार्थविज्ञान कठोर आहे: चाक ज्या वेगाने वर उसळले तो वेग निम्म्या अंतरात थांबवायचा, तर सरासरी बल दुप्पट लागते, आणि ते बल सीटमधून सरळ मणक्यात जाते. इतर मोटारसायकलींवर खड्डा दिसला की चालक फूटरेस्टवर किंचित उभा राहतो आणि गुडघे दुसऱ्या सस्पेन्शनचे काम करतात. क्रूझरवर पाय पुढे ताणलेले असतात, त्यामुळे उठताच येत नाही; शरीराचा सगळा भार पाठीच्या खालच्या टोकावर असतो. म्हणजे जिथे शरीर स्वतःला वाचवू शकत नाही, नेमका तिथेच यंत्राने प्रवास कमी ठेवलेला असतो. अनेक वर्षे अशा गाडीवर लांबचे प्रवास केल्यानंतर मी हे पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. खड्ड्याच्या कडेवरून गेल्यावर श्वास क्षणभर अडकतो, तो अनुभव विसरता येत नाही.

यावर उपाय नाही, असे मुळीच नाही. स्पोर्टस्टर एसच्या २०२५ च्या मॉडेलमध्ये कंपनीनेच मागचा प्रवास वाढवला. हार्लेच्या सॉफ्टेल या प्रकारात १९८४ पासून शॉक ॲब्सॉर्बर गिअरबॉक्सखाली लपवलेले असत. २०१८ च्या पिढीत ते सीटखालच्या एका मोनोशॉकवर आले आणि मागून पाहता आकृती तशीच राहिली. कावासाकीने व्हल्कन एस या ६४९ सीसी समांतर ट्विन गाडीत फूटरेस्ट, हँडल आणि सीट यांच्या वेगवेगळ्या जागा चालकाच्या उंचीनुसार निवडण्याची सोय दिली. सीट कमी उंचीची ठेवून पाय मध्यावर ठेवले, तर चालक खड्ड्यावर थोडा तरी उठू शकतो. फूटरेस्ट काही मिलिमीटर वर आणि आत घेतले, तर दोन-तीन अंश झुकाव मिळतो. यांतली कोणतीही गोष्ट क्रूझरला क्रूझर राहू देण्याच्या आड येत नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत प्रामाणिक आक्षेप ग्राहकाचा आहे. लोकांना हेच आवडते, ते स्वतःच्या पैशाने घेतात, मग त्यांना शहाणपण शिकवणारे आपण कोण? या आक्षेपाला मी मान देतो. मोटारसायकल हे केवळ वाहतुकीचे साधन असते, तर मध्यम क्रूझर जन्मालाच आली नसती. तिच्या टाकीची वक्ररेषा, तिची संथ चाल, तिच्यावर बसल्यावर मनाला येणारा निवांतपणा, हे सगळे खरे आहे आणि मलाही ते हवे आहे. पण निवड तेव्हाच निवड ठरते, जेव्हा निवडणाऱ्याला दोन्ही बाजू दिसतात. शोरूममध्ये सीटवर बसून पाय टेकतात का, हे पाहता येते, इंजिन चालू करून आवाज ऐकता येतो. झुकाव-कोन आणि मागच्या चाकाचा प्रवास तिथे उभ्या गाडीवर कोणालाही जाणवत नाही. ज्या दोन गुणांची परीक्षा खरेदीनंतर, आणि तीही वाईट प्रसंगी, होते, तेच दोन गुण माहितीपत्रकातून गायब असतील, तर ग्राहकाच्या पसंतीचा दाखला अपुरा आहे.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. युरोपीय संघाने २०१६ पासून १२५ सीसीवरच्या मोटारसायकलींच्या नव्या मॉडेलना एबीएस सक्तीचे केले, तेव्हा ग्राहकाच्या आवडीचा प्रश्न कोणी काढला नाही, कारण ब्रेक मारताना चाक अडकणे ही आवडीची गोष्ट नव्हे. मी तर रचनेवर सक्तीही मागत नाही. केवळ आकडे मागतो. हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन आपल्या तपशिलांत झुकाव-कोन देतात; तो मोजण्यासाठी वाहन-अभियंत्यांच्या एसएई या संस्थेची जे११६८ ही पद्धत आधीपासून आहे, आणि हार्ले तिचाच हवाला देते. इतर बऱ्याच कंपन्या सीटची उंची मिलिमीटरपर्यंत सांगतात आणि या कोनाबद्दल गप्प राहतात. ज्या नियामक संस्था गाडीला रस्त्यावर येण्याची परवानगी देण्यापूर्वी धूर आणि आवाज मोजतात, त्यांनी डाव्या आणि उजव्या बाजूचा झुकाव-कोन, दोन्ही चाकांचा प्रवास आणि वाहू शकणारे वजन हे तीन तपशील छापणे बंधनकारक करावे. डावा आणि उजवा वेगळा मागण्याचे कारण असे की, सायलेन्सर बहुधा एकाच बाजूला असतात आणि दोन्ही बाजूंना वाव सारखा असेलच असे नाही. शिवाय हे आकडे दोनदा द्यावेत, एकट्या चालकासह आणि मागे माणूस बसवून. ५१ किंवा ७६ मिलिमीटर प्रवासाच्या गाडीवर दुसरा माणूस बसला की मागची बाजू दबते, फूटरेस्ट आणि सायलेन्सर रस्त्याच्या आणखी जवळ येतात, आणि कागदावरचे ३१ अंश प्रत्यक्षात ३१ राहत नाहीत. मागे बसलेल्या माणसाला तर हँडलही हाती नसते.